मी टाईप केलेलं मुखत्यारपत्र

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि टायपिंगच्या परीक्षेत एकदा नापास झाले होते. हातांना सवय राहावी म्हणून मी कचेरीसमोरच्या एका अर्जनवीसाच्या टेबलावर दुपारी बसायला लागले. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, आणि नव्या कचेऱ्या म्हणजे अर्ज, शपथपत्रं, करारनामे. लोकांना कागद हवे होते आणि ते तयार करणारी माणसं कमी पडत होती. अर्जनवीस साठीचे होते. निजामाच्या काळात उर्दूतून अर्ज लिहायला शिकले आणि पुढं मराठीतून लिहायला लागले. मी त्यांना चाचा म्हणायची. ते मजकूर सांगायचे, मी टाईप करायची.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेत लिपिक होते. नवी जिल्हा परिषद उभी करताना उस्मानाबादेहून जी माणसं इकडं पाठवली त्यात ते आले. आमचं मूळ गाव मुरुडजवळ. तिथं आमचं घर गावाबाहेर, बौद्धांच्या वस्तीत. अण्णांनी लातूरच्या कडेला सरकारी नोकरांच्या सोसायटीत प्लॉट घेतला, खात्याकडून कर्ज काढलं आणि दोन खोल्या, पुढं ओसरी, वर पत्रे असं घर बांधलं. आमच्या डाव्या हाताला एक मारवाडी मास्तर राहायचे, उजव्या हाताला तहसीलमधले एक देशमुख. अण्णा या गोष्टीबद्दल कधी काही बोलले नाहीत. फक्त कचेरीतून आले की चपला न काढता घराभोवती एक फेरी मारायचे आणि मग आत यायचे.

पत्र्याखाली पाच सागवानी वासे होते. उदगीरला आईच्या माहेरचं घर रस्त्यात गेलं, तेव्हा तिच्या वडिलांनी ते वासे काढून लेकीला दिले होते. ट्रकवाला सगळे पाच घ्यायला तयार नव्हता तेव्हा आई स्वतः ट्रकात बसून आली होती.

कर्जाच्या नियमात घराचा विमा उतरवायची अट होती. आग, वीज, पूर, वादळ. अण्णांनी नियम म्हणून उतरवला आणि पॉलिसीचा कागद आईच्या ट्रंकेत ठेवला. आईला त्यात काही राम वाटला नाही. ती म्हणाली, "पडल्यावर पैसं देणार व्हय? मग पडलं न्हाई तर काय देत्यात?"

अण्णा म्हणाले, "पडलं नाही तर काही नाही."

"मग हे आपुनच देतूय की."

घर झालं आणि दोन वर्षं पाऊस नीट पडला नाही. आमची जमीन काळी. पाणी नसलं की ती आकसते, फाटते. सोसायटीच्या मागच्या रानात अशा भेगा पडल्या होत्या की त्यात हात कोपरापर्यंत जायचा. त्या भेगा घराखालीही गेल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात मधल्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून एक तिरका तडा गेला, मग ओसरीच्या जोत्याला गेला. सगळ्याच घरांना गेले होते. टँकर आला की बाया रांगेत उभ्या राहून एकमेकींना आपापले तडे सांगायच्या. कुणाचा रुंद, कुणाचा लांब.

वादळ बुद्धपौर्णिमेच्या दोन दिवस आधी आलं, दुपारी चारच्या सुमाराला. आई सणासाठी ओसरीला चुना देत होती. मी भांडी घासत होते. पश्चिमेकडून लाल भिंतीसारखी धूळ येताना दिसली. आईनं ब्रश बादलीत टाकला आणि मला हाताला धरून आत ओढलं. पत्रे आधी थरथरले, मग एका बाजूनं उचलले गेले. आवाज असा होता की आई माझ्या कानाशी बोलत असूनही मला ऐकू आलं नाही. आम्ही दोघी लोखंडी पलंगाखाली शिरलो. तेवढ्यात वरचे दोन वासे निसटून भिंतीवर आले आणि भिंतीचा वरचा हातभर भाग आत कोसळला. आईच्या खांद्याला वीट लागली. सगळं मिळून दहा मिनिटं चाललं असेल. बाहेर आलो तेव्हा डोक्यावर आभाळ होतं आणि आमचे पत्रे मागच्या रानात पडले होते. पाऊस म्हणाल तर चार थेंब.

अण्णा सायकलवरून आले. त्यांनी आईचा खांदा बघितला, मग भिंत बघितली, मग घराभोवती नेहमीसारखी एक फेरी मारली. ते आत आल्यावर आई म्हणाली, "ते विम्याचं काय हाय ते बघा आता."

तिसऱ्या दिवशी आमच्याकडं गुत्तेदार आला. आमच्या भागात कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. हा माणूस अण्णांच्याच गावचा, वयानं त्यांच्या बरोबरीचा. घरची मोठी शेती होती. माझ्या आजोबांनी त्याच्या वडिलांच्या रानात सालगडी म्हणून सालं घातली होती. दुष्काळात त्यांच्या दोन्ही विहिरी आटल्या, आणि इकडं जिल्हा झाल्यामुळं बांधकामं निघाली, तेव्हा हा लातूरला येऊन सरकारी इमारतींची कामं घ्यायला लागला. मोटारसायकल ओसरीसमोर लावून तो थेट आत आला. खाली अंथरलेल्या सतरंजीवर बसला आणि आईकडं बघून म्हणाला, "वहिनी, पाणी द्या जरा. लई ऊन हाय."

आईनं तांब्या दिला. तो प्यायला. मग चहा प्यायला, आणि उष्टा कप तिथंच न ठेवता स्वतः मोरीपाशी नेऊन ठेवला. मी हे एवढं बारकाईनं सांगते, कारण अण्णा त्या कपाकडं बघत होते. गावात या माणसाच्या घरच्यांनी आमच्या दारात कधी पाणी मागितलं नव्हतं. अण्णा बावन्न वर्षांचे होते. त्यांनी हे पहिल्यांदाच बघितलं.

"साहेब," तो अण्णांना म्हणाला, "नुकसान लई झालं. पण विमा हाय न्हवं?"

"आहे."

"मग काळजी कसली? कंपनीचं हापीस नांदेडला. तिथं खेटे घालण्यात तुमची रजा जाईल. सर्व्हेअर येणार, तो काय बघंल, काय लिवंल, तुमाला कळायचं न्हाई. मी ह्यातली चार कामं केलीत. मी बघतो सगळं. क्लेम मी भरतो, पैसं मी उचलतो, त्यातच घर उभं करून देतो. तुमी खिशात हात घालायचा न्हाई."

"मला काय करावं लागेल?"

"एक मुखत्यारपत्र. कंपनीला दाखवायला."

त्यानं भिंतीच्या तड्याकडं बोट केलं. "हे बी त्यातच घालू."

अण्णा म्हणाले, "तडे आधीचे आहेत. दुष्काळाचे."

"आसू द्या हो. भिंत एकच हाय की."

तो गेल्यावर आईनं विचारलं, "कागदावर काय लिवणार?"

अण्णा जरा चिडलेच. "गावचा माणूस आहे. घरात बसून चहा प्याला. त्याला काय विचारायचं, तू काय लिहिणार म्हणून?"

कागद चाचांच्या टेबलावर झाला. गुत्तेदार स्टॅम्पपेपर घेऊनच आला होता आणि मजकुराचा एक जुना नमुनाही त्याच्याकडं होता. चाचांनी तो नमुना बघून मला मजकूर सांगायला सुरुवात केली. माझ्या वडिलांचा कागद मी टाईप करते आहे याचा मला अभिमान वाटत होता. एकही चूक करायची नाही एवढंच माझ्या डोक्यात होतं. टाईप करताना शब्द डोळ्यातून येतात आणि बोटातून जातात, त्यांना डोक्यात थांबायला जागा नसते, हे टायपिंग केलेल्या कुणालाही माहीत असेल. मी "माझ्या वतीने", "माझे सर्व हक्क", "मला कोणतीही हरकत राहणार नाही" हे सगळं सुबक ओळीत, समासाला धक्का न लावता टाईप केलं. अकरा कलमं होती. खाडाखोड शून्य.

चाचांनी कागद मशीनमधून काढला, चष्मा वर केला आणि नेहमीप्रमाणं अण्णांना विचारलं, "वाचून दाखवू का?"

अण्णा म्हणाले, "नको नको. माझी मुलगीच टाईप करतेय की."

गुत्तेदार हसला. चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घालून दुसरा कागद लावत होते. अण्णांनी आपली कचेरीतली, शेवटी रेघ ओढलेली सही केली.

पुढचा महिनाभर काम बरं चाललं. सर्व्हेअर येऊन गेला, पण अण्णा तेव्हा कचेरीत होते आणि त्याच्याशी गुत्तेदारच बोलला. आईला त्यानं सांगितलं, "वहिनी, तुमी शेजारी बसा, मी बघतो." कोसळलेली भिंत वर आली. एका खोलीवर नवे पत्रे चढले. आमचे वाकलेले पत्रे आणि पाचही सागवानी वासे त्याच्या माणसांनी ट्रॉलीत घालून नेले. नीट करून आणतो म्हणाले. त्या खोलीवर वाशांच्या जागी लोखंडी अँगल बसवले होते, दुसरी खोली आणि ओसरी उघडी होती.

मग माणसं येईनाशी झाली. आधी दोन दिवस, मग आठवडा. मृग लागला. उघड्या खोलीवर आम्ही ताडपत्री बांधली आणि सगळं सामान एका खोलीत आणलं. अण्णांनी निरोप पाठवले. गुत्तेदार भेटत नव्हता. त्याच सुमारास नांदेडहून कंपनीचं एक पत्र आलं. इंग्रजीत होतं. अण्णांनी ते कचेरीत एका साहेबाकडून वाचून घेतलं आणि घरी येऊन ते खिशातच ठेवलं. शेवटी आईनं विचारल्यावर त्यांनी सांगितलं. दाव्यात वादळाशी संबंध नसलेलं नुकसान दाखवल्याचं आढळलं, सबब रक्कम कमी करून दावा निकाली काढला आहे, असं त्यात होतं.

"म्हंजी आपुन खोटं बोललो आसं?" आईनं विचारलं.

"मी बोललो असं."

हा त्यांचा खरा घोर होता. छप्पर नंतरची गोष्ट. सरकारी नोकर, सरकारी कर्ज, सरकारी कंपनी, आणि त्यांच्या नावावर खोटा दावा. खात्यापर्यंत गेलं तर काय, हे ते कुणाला विचारूही शकत नव्हते, कारण विचारलं की सांगावं लागलं असतं.

अण्णा आणि मी गुत्तेदाराला शोधायला गेलो. अण्णांनी मला का बरोबर घेतलं मला माहीत नाही. बहुतेक कागदाची कार्बन कॉपी माझ्याकडं होती म्हणून. तो सरकारी क्वार्टर्सच्या बांधकामावर सापडला. स्लॅबची तयारी चालली होती, मिक्सर फिरत होता. अण्णा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. सायकलवरून येताना त्यांनी काय बोलायचं ते ठरवलेलं होतं, मला दोनदा सांगूनही झालं होतं. आणि तोंड उघडल्यावर त्यांच्या तोंडून पहिला शब्द आला, "मालक."

माझे आजोबा त्या घरातल्या माणसांना मालक म्हणायचे. अण्णांनी कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही ते ऐकू आलं असावं, कारण ते थांबून मिक्सरकडं बघायला लागले.

गुत्तेदार मात्र सरळ बोलला. "साहेब, क्लेम कमी आला. कंपनीनं कापला. आला तेवढ्यात बसलं तेवढं केलं."

"पूर्ण घर करून द्यायचं ठरलं होतं."

"कागदात बघा. आवश्यक ती दुरुस्ती आसं हाय. म्या आवश्यक ती केली."

मी पर्समधून कॉपी काढून चाळली; अण्णांनी ती हातात घेतली नाही. तो खरं सांगत होता. अकरा कलमांपैकी दहा कलमांत अण्णा काय काय देत आहेत ते होतं. दावा करण्याचा हक्क, सर्व्हेअरसमोर बोलण्याचा हक्क, तडजोड करण्याचा हक्क, रक्कम घेण्याचा हक्क, निघालेलं जुनं सामान ताब्यात घेण्याचा हक्क. तो काय देणार आहे ते एका कलमात अर्ध्या ओळीत होतं.

"तडे वादळाचे म्हणून का लिहिलं?" अण्णांनी विचारलं.

"पैसं वाढावं म्हणून. तुमच्याच फायद्याचं बघितलं की." मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "सरकारी बिलं सा-सा महिनं निघत न्हाईत, साहेब. ह्या पोरांचा आठवड्याचा पगार द्यावा लागतो. तुमचं काम लहान हाय. बघू दिवाळीच्या पुढं."

त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. त्यानं आमच्यासाठी चहाही मागवला. अण्णांनी घेतला नाही.

पुढच्या सोमवारी आम्ही नांदेडला गेलो. अण्णांनी रजा टाकली होती, कारण म्हणून "खासगी काम" लिहिलं होतं. पहाटेची एसटी अहमदपूर, लोहा करत साडेदहाला पोचली. साहेब बाराशिवाय बसत नाहीत असं शिपायानं सांगितलं, मग म्हणाला जेवणानंतरच या. आम्ही गुरुद्वाऱ्यात गेलो, लंगरला बसून डाळ-रोटी खाल्ली. अण्णांनी डोक्याला रुमाल बांधला होता. जेवताना ते एकदाच बोलले. "इथं कुणी विचारत नाही," म्हणाले.

कंपनीचे साहेब पन्नाशीचे, सोलापूरकडचे वाटले. त्यांच्यासमोर फायलींचे ढीग होते, वर पंखा फिरत होता आणि प्रत्येक ढिगावर त्यांनी एकेक दगड ठेवला होता. अण्णांनी हकिकत सांगितली. साहेबांनी आमची फाईल मागवली आणि ती उलटवत म्हणाले, "पण तुमचा दावा तर बंद झाला. तुम्ही पूर्ण आणि अंतिम समाधानानं रक्कम घेतलीत. ही पावती."

"मी घेतली नाही."

"तुमच्या मुखत्यारानं घेतली. म्हणजे तुम्हीच घेतलीत."

"मी कमी रकमेला कबूल नव्हतो. मला कुणी विचारलंच नाही."

"आम्ही कसं विचारणार? तुम्हीच लिहून दिलंय, यापुढं सगळा व्यवहार यांच्याशी करावा म्हणून." त्यांनी कागद फिरवून आमच्यासमोर ठेवला. "तुम्ही स्वतः आला असता ना, तर म्हणाला असता, तडे सोडा, पण छपराचं पूर्ण द्या. आम्ही परत सर्व्हेअर पाठवला असता. तो तुमचा हक्क होता. तो तुम्ही यांना देऊन टाकला. त्यांना पैसे लवकर पाहिजे होते, त्यांनी कमी घेऊन सही केली."

ते एकेक कलम बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागले. मी ते शब्द पहिल्यांदा ऐकत होते. चाचांनी मला ते सांगितले होते, मी ते लिहिले होते, कॉपीत चाळलेही होते, तरी पहिल्यांदाच. सहाव्या कलमाला अण्णा म्हणाले, "हे कधी लिहिलं? हे त्यानं मागनं घातलं असेल."

साहेबांनी कागद उजेडात धरला. "मागनं घातलेलं दिसत नाही. एकाच मशीनवरचं आहे सगळं. टायपिंग चांगलं आहे."

मी म्हणाले, "मीच टाईप केलंय, अण्णा. होतं ते तेव्हाच."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. साहेबांनी बघितलं, आणि थोडा वेळ पेनचं टोपण लावत बसले. मग त्यांनी एक कोरा कागद अण्णांपुढं सरकवला. म्हणाले, "पैशाचं आता माझ्या हातात काही नाही. पण दोन गोष्टी लिहून द्या. एक, तडे आधीचे होते आणि ते वादळाचे आहेत असं तुम्ही कधी म्हटलं नाही. ते मी फायलीला लावतो, म्हणजे पुढं तुमच्या नावावर काही राहणार नाही. दोन, हे मुखत्यारपत्र रद्द करून त्याची नोटीस त्यांनाही द्या आणि आम्हालाही. नाहीतर पुढच्या वर्षी घराला काही झालं, तर परत हेच येऊन बसतील."

अण्णांनी दोन्ही गोष्टी आपल्या हातानं लिहिल्या. लिपिकाचं अक्षर, एकसारखं. लिहून झाल्यावर त्यांनी स्वतःच लिहिलेलं दोनदा वाचलं आणि मग सही केली.

परतीच्या एसटीत खिडकीशी मी बसले होते. लोहा गेल्यावर मी म्हणाले, "मी वाचायला पाहिजे होतं."

ते म्हणाले, "मला वाचता येतं. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे कागद वाचतोय." थोड्या वेळानं म्हणाले, "वाचलं असतं तर त्याला वाटलं असतं, माझा विश्वास नाही. तो आपल्या घरात बसला होता."



घरी आल्यावर सगळं ऐकून आईनं एकच प्रश्न विचारला. जुनं सामान कुठं आहे. मी म्हणाले, कागदाप्रमाणं ते त्याचं झालं. आई म्हणाली, "कागद तुझ्या अण्णांनी लिवून दिलाय. वासं माझ्या बापाचं हायेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी बांधून ती एकटीच गुत्तेदाराच्या गोदामावर गेली. गोदाम म्हणजे औसा रोडला पत्र्याचं एक शेड होतं. वासे तिथं होते, पाचही, सिमेंटच्या पोत्यांशेजारी. आई त्यांच्यावर जाऊन बसली. तिथल्या माणसानं हटकलं तर म्हणाली, "मालकाला बोलीव." ती ओरडली नाही, रडली नाही. बहात्तरच्या दुष्काळात तिनं दोन वर्षं खडी फोडली होती, उन्हात एका जागी बसणं तिला नवीन नव्हतं. दुपारी गुत्तेदार आला.

त्यांच्यात काय बोलणं झालं ते आईनंच नंतर सांगितलं. तो म्हणाला, वहिनी, कागदात जुनं सामान माझं हाय. ती म्हणाली, माझी सही दाखव. तो म्हणाला, घर साहेबांच्या नावावर हाय, तुमच्या सहीचं काय काम? ती म्हणाली, घर त्यांच्या नावावर हाय, हे माझ्या. आणि प्रत्येक वाशाच्या टोकाला तिच्या वडिलांनी तासणीनं मारलेली खूण तिनं त्याला दाखवली. कायद्यानं याला किती अर्थ होता मला माहीत नाही. काहीच नसावा. पण तो ट्रॅक्टरवाल्याला हाक मारून म्हणाला, "टाका ह्यात आणि सोडून या." वाकलेले पत्रे मात्र त्यानं आधीच भंगारात घातले होते.

ट्रॉली आमच्या दारात आली तेव्हा आई वाशांवरच बसलेली होती. देशमुखांची बायको आपल्या ओसरीत येऊन बघत होती.

घराचं पुढचं काम आम्हीच केलं. सोसायटीतल्या एका गवंड्यानं सुट्टीच्या दिवशी येऊन वासे बसवून दिले, आई आणि मी घमेली दिली, अण्णा शिडी धरून उभे राहायचे. दुसऱ्या खोलीवर वर्षाच्या शेवटी पत्रे आले, ओसरीवर त्याच्या पुढच्या वर्षी. मधल्या काळात पाऊस चांगला झाला, जमीन फुगली आणि भिंतीचे तडे बरेचसे आपोआप मिटले. दारं तेवढी घट्ट बसायला लागली.

मुखत्यारपत्र रद्द केल्याची नोटीस मी चाचांच्याच मशीनवर टाईप केली. चाचांनी तिचे पैसे घेतले नाहीत. मजकूर सांगायच्या आधी ते म्हणाले, "बेटी, त्या दिवशी मी विचारलं होतं. एकदाच विचारलं. दोनदा विचारायला पाहिजे होतं. पण समोर गुत्तेदार बसला होता, आणि तो महिन्याला दहा कागद आणतो." एवढंच बोलून त्यांनी पहिली ओळ सांगायला घेतली. नोटीस तयार झाल्यावर अण्णांनी ती उभ्यानं, शब्द न् शब्द, ओठ हलवत वाचली. एका ठिकाणी "वतीने" मधली वेलांटी दीर्घ हवी होती आणि मी ऱ्हस्व टाकली होती. त्यांनी ती पेनानं दुरुस्त केली आणि बाजूला बारीक सही केली.

गुत्तेदाराची दिवाळी आली नाही. म्हणजे दिवाळी आली, तो आला नाही. अण्णांनी कोर्टात जावं असं देशमुखांनी सुचवलं होतं. त्यांनी विचार केला आणि नको म्हणाले. कारण सांगितलं नाही. गावाकडं लग्नकार्यात दोघांची गाठ पडायची, तेव्हा तो "काय साहेब" म्हणायचा आणि अण्णा त्याला नावानं हाक मारायचे, मागं जी वगैरे न लावता. मी एकदा शेजारी उभी होते. गुत्तेदाराला त्यात काही वेगळं वाटल्याचं दिसलं नाही.

मी पुढं चाचांच्या टेबलावरच राहिले, आणि त्यांची नजर गेल्यावर लायसन माझ्या नावावर झालं. सही घेण्याआधी मी कागद मोठ्यानं वाचून दाखवते. लोक कंटाळतात. बसची वेळ झालेली असते, साहेब उठणार असतात, शेजारी ज्याच्या नावानं लिहून द्यायचं तो माणूस हातात पेन धरून उभा असतो. पुष्कळ जण म्हणतात, "आसू द्या हो ताई, घरचाच माणूस हाय." मी वाचत राहते. बहुतेक लोक ऐकून तशीच सही करतात. गेल्या इतक्या वर्षांत चौघा-पाचांनी पेन खाली ठेवलं असेल. त्यातली एक बाई उदगीरची होती, भावाच्या नावानं हक्क सोडून द्यायला आलेली. पेन ठेवून ती मला म्हणाली, "परत एकदा वाचा." मी वाचलं. ती उठली आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागली. तिचा भाऊ तिच्या मागं गेला, आणि कोरा राहिलेला सहीचा रकाना घेऊन तो कागद माझ्या टेबलावर पडून राहिला.